दिग्विजय कोणाचा पठ्ठा, याची अखेरची व्यवस्था

मी, आकाराम नाथाजी कोळेकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा आधी कुस्ती व नंतर तालीम, मूळ गाव म्हसवडजवळची मेंढपाळांची वाडी, सध्या राहणार तासगाव, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान कुस्तीत चेंगरून पुरीसारखे फुगले असले तरी ऐकू सगळ्या आळीपेक्षा जास्त येते. मी कोणाच्याही दबावाखाली नाही. उभ्या हयातीत दोनदाच दबावाखाली आलो, आणि दोन्ही वेळा वर लालासाहेब होता. त्याचा खुलासा कलम तीनमध्ये केला आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नी हरणाबाई हिला, तिच्यामागे मुलगी स्वप्नाली हिला. हे घर मी मैदाने मारून बांधले. मी कोणत्या साखर कारखान्याचा, संघाचा किंवा पुढाऱ्याचा मल्ल नव्हतो. भिंतीवरचे यात्रेचे पत्रक वाचायचे, एसटी धरायची, मैदानात फिरून आपली जोड आपणच मागायची. पुढच्या खोलीतली चांदीची गदा विकायला काढू नये. तिच्यावर नुसता मुलामा आहे. सोनाराकडे मी गुपचूप खात्री केली आहे.

२. भाचा सूरज याला माझी मोटारसायकल. तालीम मिळणार नाही. तो मला म्हणाला, "मामा, मातीचा हौदा बुजवू, फरशी घालू, चारी बाजूंनी आरसे लावू." मी म्हणालो, "गड्या, आरशात बघणाऱ्याला कुणी पाडायची गरज ऱ्हात न्हाई." तो अजून रुसलेला आहे. रुसू द्यावे.

३. लालासाहेब पाटील, राहणार कराडकडे, यास माझ्या मिळकतीतले काहीही नाही. बदाम वाटायचा माझा दगडी खलबत्ता त्याने दोनदा मागितला आहे. तिसऱ्यांदाही देऊ नये.

खुलासा असा. मैदानात मल्लाचे नाव पुकारताना मागे त्याच्या वस्तादाचे नाव लावायचा रिवाज आहे. अमुक वस्तादांचा पठ्ठा, असे. लालासाहेबाच्या घरात तीन पिढ्या कुस्ती, शेतात ऊस, गोठ्यात सात म्हशी, भाऊ फौजेत सुभेदार. त्याच्या मागे एवढी नावे लागत, की पुकारणाऱ्याला मध्ये दम घ्यावा लागे. मी मेंढरांमागे शिकलो. एडक्यांची टक्कर बघून पट काढायला, म्हणजे वाकून समोरच्याचे पाय ओढायला, शिकलो. वस्ताद करायला ऐपत नव्हती. माझी पाळी आली की पुकारणारा "आकाराम, म्हसवड" एवढेच म्हणायचा आणि हलगीवाल्याकडे बघायचा. त्या मोकळ्या जागेचा आवाज मला अजून ऐकू येतो. दोन्ही कुस्त्यांत मला लालासाहेबाने नव्हे, त्याच्या म्हशींनी पाडले, असे माझे ठाम मत आहे.

४. तासगावातली माझी तालीम: तीन गुंठे जागा, पत्र्याचे छप्पर, हौद्यातली माती, उचलायची दगडी नाल, फिरवायच्या लाकडी करेलांच्या तीन जोड्या व वरील खलबत्ता. ही कोणाला द्यावी यात माझे तीन महिने गेले.

दिग्विजय हा बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणाऱ्या मायाबाईंचा मुलगा. नऊ वर्षांचा असताना आला, बारा वर्षे माझ्या मातीत वाढला. पलूसच्या मैदानात पहिल्यांदा लाऊडस्पीकरवर आले, "आकाराम वस्तादांचा पठ्ठा दिग्विजय!" मला स्पष्ट ऐकू आले होते. तरी मी शेजारच्या पानवाल्याला विचारले, "काय म्हणाला ओ?" म्हणजे परत ऐकायला मिळाले.

चार वर्षांपूर्वी तो म्हणाला, "वस्ताद, मोठ्या स्पर्धा आता मॅटवर हायत. लालासाहेब वस्तादांकडं मॅट हाय. सहा म्हैने जाऊन येऊ का?"

दुसऱ्या कोणाचेही नाव घेतले असते तर मी गाडीभाडे दिले असते. मी म्हणालो, "जातूस तर लंगोट माझ्या उंबऱ्यावर ठिवून जा. परत ह्या मातीला पाय लावू नगंस."

सकाळी उंबऱ्यावर लंगोट होता. धुतलेला, घडी घातलेला. मी तो अपमान मानला.

गेल्या वर्षी म्हसवडच्या यात्रेतल्या मैदानात मी उसाच्या रसाच्या गाड्याआड उभा होतो. दिग्विजयने ढाक मारून समोरचा चीत केला. डावा पाय जरा बाहेर टाकून. असा पाय कोणी टाकत नाही. माझा गुडघा दुखरा म्हणून मी तसा टाकायचो, आणि त्याने ती लकब तशीच उचलली. स्पीकर म्हणाला, "लालासाहेब वस्तादांचा पठ्ठा!" आणि लालासाहेबाने त्याला फेटा बांधला. ढाक माझी, फेटा त्याचा. रस न पिताच मी घरी आलो.

५. हे कलम मी प्रथम असे लिहिले होते: दिग्विजयने मैदानात माझे एकट्याचे नाव पुकारायला लावले तरच तालीम त्याची, नाहीतर माती वीटभट्टीला द्यावी. हरणाबाई मेथी निवडत होती. तिला वाचून दाखवले.

ती म्हणाली, "आवं, जाताना त्याला तुमी काय म्हणालासा?"

"लंगोट ठिवून जा म्हणालो."

"मग त्यानं काय केलं?"

"ठिवला."

"वस्तादाचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई, हे त्याला कुणी शिकवलं? म्हशींनी?"

मी पेनाचे टोपण लावले. ती पुढे म्हणाली,

"दर दिवाळीला येतंय. भाईर रस्त्यावर चपला काढतंय, तालमीच्या भिताडाला हात लावतंय आन जातंय. मातीला पाय लावू नगं म्हणालासा, म्हणून आत येत न्हाई. पानवाल्याचं ऐकू येतं तुमास्नी, ह्ये न्हाई आलं व्हय?"

आले होते. त्याची उजवी टाच घासते, ती मला शंभरात ओळखू येते. चारही दिवाळ्यांना आली. लालासाहेबाने टेहळणीला पाठवला असेल, अशी मी माझी समजूत घातली होती. वरील मजकूर खोडला आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

६. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे तसे रद्द करण्यासारखे काही नाही. एक तोंडी शब्द आहे. दिग्विजयला "ह्या मातीला पाय लावू नगंस" म्हणालो, तो शब्द मी या कलमाने रद्द करत आहे. तालीम, कलम चारमधल्या सगळ्या सामानासह, त्याची. त्याने लालासाहेबाचे मॅट सोडावे अशी अट नाही. पुकारताना कोणाचे नाव घ्यावे याबाबत माझी इच्छा आहे, पण ती हरणाबाईने लिहू दिली नाही.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. पण कलम सहा तेव्हा वाचले, तर दिग्विजय आधी लालासाहेबाला विचारायला जाणार. लालासाहेब पाठीवर हात ठेवून म्हणणार, "जा बाळा, माझी परवानगी हाय." म्हणजे मोठेपणा पुन्हा त्याच्याच पदरात. हे मला जिवंतपणी चालणार नाही, मेल्यावर तर मुळीच नाही. परवानगी द्यायला मी अजून हयात आहे; सबब कलम सहाची नक्कल घेऊन स्वप्नाली आज दुपारच्या कराड गाडीने जात आहे. ती तिने दिग्विजयच्याच हातात द्यावी. लालासाहेब समोर असल्यास मोठ्याने वाचून दाखवावी. उद्या पहाटे त्याच्यासाठी हौद्यातली माती मी स्वतः खणून मोकळी करणार आहे. खोरे काढून ठेवले आहे.

ठिकाण: तासगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: आकाराम नाथाजी कोळेकर (सही)

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. डॉ. पृथ्वीराज शिंदे, तासगाव (सही)
२. वीरधवल माने, निवृत्त शिक्षक, तासगाव (सही)