तू पाणी मारलेले कॉलम

माय,

डिंडोलीच्या त्या बिल्डिंगीत मी घर घ्यायला निघाले होते. होय, तीच. जिच्यासमोरून बस गेली की तू खिडकीतून हात बाहेर काढून सांगायचीस, "हिला म्या पाणी पाजलंय." बसमधली माणसं वळून बघायची आणि मी तुझा पदर ओढायचे. सिमेंट ओतल्यावर कॉलमला बारदान गुंडाळायचं आणि ते दिवसातून चार-पाचदा भिजवायचं, नाहीतर कॉलम कच्चा राहतो. तुझं काम एवढंच, पण तू ते असं सांगायचीस, जणू सगळी बिल्डिंग तुझ्याच अंगावर पिऊन मोठी झाली. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि तिथला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला आहे हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. नवरा म्हणाला, पलीकडे नव्या बिल्डिंगी आहेत, लिफ्ट आहे. मी हट्टाला पेटले. शेवटी त्याने एकच अट घातली, आधी इंजिनिअरकडून तपासून घ्यायचं, मग हो म्हणायचं. मी म्हटलं, खुशाल तपास, माझ्या मायच्या हातचं काम आहे.

रविवारी सकाळी इंजिनिअर आला. तरुण गुजराती पोरगा, बोलायला नम्र. वरचा फ्लॅट त्याने तासभर बघितला. बाथरूमच्या भिंतीला ओल होती, खिडकीची एक चौकट सडली होती, पण ते दुरुस्त होईल म्हणाला. मग आम्ही खाली पार्किंगमध्ये उतरलो. तो कॉलमचं प्लास्टर थोडं खरवडून तिथे एक हातभर नळीसारखं यंत्र टेकवायचा आणि दाबायचा. टक्क असा आवाज यायचा, काँक्रीट किती पक्कं ते सांगणारा आकडा दिसायचा, तो लिहून घ्यायचा. मागचे कॉलम झाले, मधले झाले. "अच्छा है, बेन." मी नवऱ्याकडे जरा टेचातच बघते. मग इंजिनिअर गेटकडच्या दोन कॉलमकडे निघतो. त्या दोघांना मी ओळखते. त्यांच्या शेजारीच आपली पत्र्याची खोली होती.

मी आठ वर्षांची होते. ते दोन कॉलम भरले त्याच संध्याकाळी मला ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी मी कुणाला ओळखेनाशी झाले. तू मला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यात नेलंस. जाताना शेजारच्या बाईला पाण्याचं सांगितलं होतंस, पण तिचंही अंगावरचं लेकरू होतं, ती विसरली. चार दिवसांनी आपण परत आलो. तू मला बाजेवर टाकलंस आणि आधी कॉलमकडे गेलीस. बारदान वाळून कडक झालं होतं. मुकादम आला आणि सगळ्यांदेखत बोलायला लागला. "चार दिवस कोरडे ठेवलेस. उद्या माणसं मेली तर तू भरून देणार का?" तू मान खाली घातली नाहीस. "कॉलम पुन्यांदा उभा करता येतोय, मुकादम. लेकरू कुठून आणू?" एवढंच बोललीस. मी दारातून ऐकत होते. त्यानंतर पंधरा दिवस तू त्या दोन कॉलमना दुप्पट पाणी मारलंस. मला वाटायचं की मुकादमाच्या भीतीने.

टक्क. इंजिनिअर आकड्याकडे बघतो, आकडा कमी आहे. थोडं खाली टेकवतो, पुन्हा टक्क. दुसऱ्या कॉलमवरही तेच. मग त्याने प्लास्टर जास्त खरवडलं, आतली सळई गंजलेली दिसली. "माल भी हल्का लगाया है, और पानी भी बराबर नहीं मारा," तो म्हणाला. मला त्यातलं पाण्याचं तेवढंच ऐकू आलं. मी विचारलं, सुरुवातीला राहिलं आणि नंतर भरपूर मारलं तर? तो हसला. "शुरू के दिन गए तो गए, बेन."

घर घ्यायचं नाही हे तिथेच ठरलं. पण वर माणसं राहतात. रिपोर्ट मी लेखी मागितला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना नेऊन दिला. त्यांना राग आला, पण चार दिवसांत त्या कॉलमशेजारी लोखंडी टेकू उभे राहिले आणि आता मजबुतीचं काम निघालंय. हे मी चांगलं केलं असं मला वाटतं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणूनच सांगता येतंय. रिपोर्ट लिहिताना माझा मघाचा प्रश्न आठवून इंजिनिअरने सहज म्हटलं, "कोई लापरवाह मजदूर होगी. आप लोग जानते हैं, किसने काम किया था?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक आहे, तो मी बोलायची वाट बघत होता. त्या चार दिवसांत तू कुठे होतीस याची साक्ष देणारी आता जगात मी एकटीच आहे. आणि मी म्हणाले, "क्या पता. होगा कोई." माय, मला तुझी लाज वाटली. मिनिटभरच, पण वाटली.