मारिगोमावशीची जीभ

पिरेयस, २६ ऑगस्ट

चि. सेवास्ती हिस, ताईचे अ. आ. आज आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देते.

बाबांच्या पहिल्या स्मरणदिनी चर्चमधून सगळा गाव आपल्या अंगणात आलेला. कॉफीबरोबर पाण्याचे पेले तू स्वतः फिरवलेस, आणि मी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. वर सगळ्यांदेखत दुकानातली बाटली मागितली. समुद्राचं पाणी गोडं करणारा तो कारखाना नऊ वर्षं तू एकटी चालवतेस, बेटावर पिण्याचं पाणी आणणारी बोट बंद झाली ती तुझ्यामुळे, हे मला ठाऊक नव्हतं का? तू धक्क्यावर निरोप द्यायला आली नाहीस. बरोबर केलंस.

आता ऐकते, माझं बघून घरोघरी बाटल्या आल्यात आणि रविवारच्या ग्रामसभेत कारखाना बंद करायचं घाटतंय. सोबत सरपंचांसाठी चिठ्ठी आहे: औषधांनी माझं तोंड कडू झालं होतं, पाण्यात दोष नव्हता. औषधबिषध काही घेत नाही मी, पण तेवढं खोटं पचेल मला. वाचून दाखवायला सांग.

रागाव, पण लोभ सोडू नकोस.
तुझी ताई,
आर्गिरो

बेटावरून, ३ सप्टेंबर

ति. आर्गिरोताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र एकटीनं वाच.

ताई, पाणी खारट होतं. सहा ऑगस्टला क्षाराचा आकडा तिप्पट झाला, यंत्राची घंटा वाजायला लागली. गाळणीचे पडदे फाटले होते, नवे तुझ्याच बंदरात अडकलेले. पंधरा तारखेला मेरीमातेचा सण, घरोघरी पाहुणे. कारखाना बंद करणं जड होतं, पण ‘पिऊ नका, धुण्याभांड्याला वापरा’ एवढी पाटी तरी लावायची! ती लावली असती तर पिण्यासाठी बोट परत बोलवावी लागली असती. मला लाज वाटली. मी घंटा बंद केली. अकराव्या दिवशी नवे पडदे बसवले. तू ठेवलास तो पेला सातव्या दिवसाचा.

आपल्या शेजारच्या मारिगोमावशीला रक्तदाब, मीठ वर्ज्य. पाणी खारं लागतंय म्हणत ती आली, तर मी भर दुकानात म्हटलं, मावशे, तुझी जीभ म्हातारी झाली, उद्या साखरही खारट लागेल तुला. सगळे हसले. तीही हसली आणि पीत राहिली. पाय सुजले, मोठ्या बेटावर दवाखान्यात न्यावं लागलं. परवा परतली आणि मला बोलावून माझीच क्षमा मागितली. तुझ्या पाण्याला उगाच नावं ठेवली गं, म्हणाली.

काल सभेत तुझी चिठ्ठी वाचली. टाळ्या पडल्या, कारखाना बंद करायचा विषय मिटला. कुणी म्हणालं, शहरात गेलं की जिभेलाही शिंगं फुटतात. मी मान खाली घालून बसून राहिले.

सेवास्ती

पिरेयस, ८ सप्टेंबर

चि. सेवास्ती,

आधी तुझा राग आला, मग माझ्या चिठ्ठीचा. सरपंचांना आजच लिहिलंय की माझं तोंड कडू नव्हतं. माझ्यापुरतं मी निस्तरलं, तुझं तू सांग. आधी मावशीला, मग गावाला. उलट नको. काम गेलं तर माझ्याकडे खोली आहे. सांगायचं टाळून पळून येणार असशील, तर नाही.

ताई

बेटावरून, २४ सप्टेंबर

ति. ताईस, सा. न.

सांगितलं. मावशी पाय चोळत बसली. मग म्हणाली, आता जा.

सभेत आरडाओरडा झाला. हाकला हिला, म्हणाले. पण यंत्र दुसऱ्या कुणाला येत नाही. शेवटी मावशी काठी टेकत उठली. यंत्र हिनं चालवावं, आकडा रोज मी बघीन आणि कारखान्याच्या दारावर लिहीन, म्हणाली.

रोज सातला येते. बारीक आकडे तिला दिसत नाहीत, म्हणून मी वाचून सांगते. ती खडू दारापाशी नेते, थांबते, माझ्याकडे बघून विचारते, खरं?

मी पुन्हा सांगते. मग ती लिहिते.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.
सेवास्ती