मार्थाबाईंचा प्रश्न

बडोदे, १२ ऑगस्ट १९९६

प्रिय बाबा,

तुम्हा दोघांना प्रभूच्या नावानं सलाम. आम्ही सुखरूप आहोत. आईचा गुडघा कसा आहे?

काल निजामपुऱ्यातल्या घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, मार्थाबाईंनी विचारलं, "माझं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. त्याचं तारण झालं का?"

सॅम्युएलभाईंनी लगेच बायबल उघडलं. "वचन तो स्पष्ट छे, बेन!" म्हणजे बाप्तिस्म्याविना तारण नाही.

बाई उठून चपला शोधू लागल्या. सभा मी चालवतो, म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"भाई, थांबा जरा," मी म्हणालो. "बाई, मला उत्तर ठाऊक नाही. पण लेकरांना कवटाळताना प्रभूनं बाप्तिस्म्याचं विचारलं नव्हतं."

सॅम्युएलभाईंनी बायबल मिटलं. दारातून बाई म्हणाल्या, "पुढची सभा आमच्याकडे."

हे आईला वाचून दाखवू नका. माझी धाकटी बहीण, आपली छोटी, बाप्तिस्म्याआधीच गेली तेव्हा आईनंही तुम्हाला, मंडळीचे पाळक म्हणून, हेच विचारलं होतं का?

तुमच्या प्रार्थनेत असलेला,
भास्कर