पाटी गिऱ्हाइकाकडे, तोंड उन्हाकडे

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. कागदावरच घे बाई. खरोखर वाकले तर मला उठवायला तुलाच यावं लागेल.

तुझं पत्र मिळालं. माझ्यासाठी खोलीला रंग दिलास, पडदेही शिवलेस आणि शेवटी ठळक अक्षरांत विचारलंस, "बदली झाली ना? मग कधी येतेस?" सांगते. आधी आमच्या भाजीची गंमत ऐक.

शाळेमागे स्कूटर लावायची जागा होती ना, तिथे आता आठवीची शेती आहे. उन्हावर चालणारा पंप, ठिबकच्या नळ्या, पालक, वांगी, टोमॅटो. पिकवायचं मुलांनी, विकायचं मुलांनी आणि नफ्यातून पुढचं बी आणायचंही मुलांनीच. या शेतीच्या तासाला कुणी वाली नव्हता, म्हणून मोठ्या बाईंनी तो माझ्या गळ्यात मारला. गणिताच्या बाई म्हणजे नफा-तोटा येणारच, असा त्यांचा हिशोब. माझ्या हातून कुंडीतला निवडुंगसुद्धा जगला नव्हता, हे त्यांना कोण सांगणार!

विक्री वकिलाकडे. खरा वकील नव्हे गं, वर्गातला. सारखा वाद घालतो म्हणून हे नाव. त्याने शक्कल काढली, की पंपाला वीज देणारे सौरतक्ते रस्त्याच्या बाजूला वळवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील, लोक थांबतील, भाजी घेतील. "बाई, बोलणाऱ्याची मातीही खपते!"

मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या! तक्ते फिरवले, वर मोठी पाटी लावली. लोक खरंच थांबले, पालक हातोहात संपला. आणि त्याच आठवड्यात पंपाने मान टाकली. पाणी कसं, तर रुसलेल्या मुलाने उत्तर द्यावं तसं, थेंब थेंब. वांग्यांची पानं लोंबायला लागली. मी पंपवाल्याला फोनवर चांगलं फैलावर घेतलं, "नवा सांगून जुना बसवलात!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, सूर्य रस्त्यावर नाही राहत."

ही घुमी. वर्ष संपत आलं तरी हजेरीपलीकडे तिने वर्गात शब्द काढला नव्हता. अगं, हसावं की रडावं! जन्मभर कोन शिकवले मी, आणि तक्त्यांवर ऊन तिरपं पडतंय हे मलाच दिसू नये? वकिलाने अर्थातच वाद घातला. घुमीने पहिल्यांदाच उलट वाद घातला. शेवटी ठरलं, पाटी गिऱ्हाइकाकडे, तोंड उन्हाकडे. तक्ते परत वळवले आणि नळ्या अशा फुरफुरल्या, की घुमी "आलं!" म्हणून किंचाळली. मोठ्या बाई घाबरून खिडकीत आल्या. पंपवाल्याची मी माफी मागितली आणि वांगीही पाठवली.

आता तुझा प्रश्न. किती अळंटळं करणार?

तुझ्या गावी बदली झाली होती, ताई. मी ती रद्द करून घेतली. फोनवर सांगायची छाती झाली नाही. तू "राहा गं तिथेच" म्हणाली असतीस आणि मग एकटी रडत बसली असतीस.

मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही गेलात तर हा तास कुणी घेणार नाही, तिथे पुन्हा स्कूटरी लागतील. पण मुलांसाठी राहिले असं म्हणून फुकटचा मोठेपणा घेत नाही. मला मजा येतेय. इतकी वर्षं वर्गमूळं काढून काढून माझंच मूळ सुकलं होतं. हल्ली मी शाळेत अक्षरशः पळत जाते.

तुझे पडदे आठवले की मात्र घास उतरत नाही. भाऊजी गेल्यावर "आता आपण दोघी एकत्र राहू" हे मीच म्हटलं होतं. तो शब्द मी मोडत नाहीये, फक्त पत्ता बदलतेय. तू इकडे ये.

माझी मागची खोली रिकामीच आहे. तळमजला आहे, तुझ्या गुडघ्यांना जिना नाही. खिडकीपाशी शिवणयंत्र छान बसतं, मी मापून पाहिलंय. आणि काम आहे तुला! आमचा वकील गर्दी जमवतो, पण कुणी भाव पाडून मागितला की लोण्यासारखा वितळतो. असंच चाललं तर पुढचं बी कशातून आणायचं? तू तुझ्या शिवणाच्या दुकानात हसत हसत पुरे दाम वसूल करतेस, ते या पोरांना शिकवणारं माणूस मला दुसरं माहीत नाही. तुझ्याबद्दल मी त्यांना सांगून ठेवलंय. तेव्हापासून घुमी रोज विचारते, "तुमच्या ताई कधी येणार?" तिला काय सांगू?

खिडकीला अजून पडदा लावलेला नाही. तू शिवलेलेच घेऊन ये, कमी पडले तर इथे जोड देऊ. रागावली असशील तर भांडायला ये. भांडण लांबलं तर राहा.

मग, कधी येतेस?

तुझ्याकडे यायचं कबूल करून तुलाच बोलावणारी,
तुझी धाकटी