शालीखालची कणीक

रविवार, संध्याकाळ. बालाघाट.

दात काढल्यापासून सासूबाईंले पोळी चावता येत नाही. म्हणून आज खमीर घालून मऊ पाव करायले घेतले, तर त्या भडकल्याच. "पाव बिमाराले देतेत. मी बिमार आहो का?" मले वाटलं, काहून केला हा उपद्व्याप? त्यात थंडीनं कणीकही फुगेना. थोड्या वेळानं पाहते तर कणकेच्या गंजावर त्यांची शाल! स्वतः मात्र कुडकुडत बसलेल्या. म्हणाल्या, "त्याले ऊब पाहिजे ना."

कणीक टम्म फुगली. गरम पाव दुधात बुडवून दोन खाल्ले त्यांनी. मग शाल झटकत म्हणाल्या, "हे पाव नाही. फुगलेली पोळी होय."

"हौ आई, पोळीच."

आता घरात सगळ्यांले बजावून ठेवते, पाव म्हणायचं नाही.