आरनधाऱ्याची गाळलेली ओळ

धरान, १२ मंसिर

ती. फुपूस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आज मला जे सांगायचंय ते ओरडून सांगितलं तर अख्खं हॉस्टेल दाराशी जमेल. म्हणून जीपवाल्या सुब्बादाजूंच्या हाती हे पत्र देतेय. सोबत एक नकाशा आहे. उलगडण्याआधी पाणी पिऊन घ्या, नाहीतर माझ्यासारखी तुमच्याही डोक्यात तिडीक जाईल.

डेन्मार्कच्या पाच विद्यार्थ्यांबरोबर आम्ही पाच जण वर्षभर काम करतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आठवड्यातून एकदा पडद्यावर भेटायचं, आमची दुपार आणि त्यांची सकाळ. विषय आपल्या डोंगरातले आटत चाललेले झरे. तिकडे कुणी आपला डोंगर पाहिलेला नाही आणि आमच्यापैकी कुणाकडे नकाशा काढायचा धड संगणक नाही, म्हणून मोजमाप आमचं आणि मांडणी त्यांची असं ठरलं. आणि मोजमाप म्हणजे काय, तर तुमची वही! थामडांड्याचे एकतीस झरे, तीन वर्षं, दर ऋतूला. तेलाचा डबा धारेखाली धरून घड्याळाकडे बघत बसलेल्या तुम्ही.

आता नकाशाच्या तळाशी बघा. संशोधन आणि मांडणी : त्यांची पाच नावं, आडनावांसकट. स्थानिक साहाय्य : आमचं कॉलेज. बस्स. आम्ही पाच जण म्हणजे एक इमारत! आणि उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो, मी दसैंच्या सणाला काढलेला. खाली लिहिलंय, पाणी भरणारी एक ग्रामीण महिला. तुम्ही पाणी भरत नव्हता हो, मोजत होता! ज्या बाईच्या वहीवर हा सगळा डोलारा उभा आहे तिला नाव नाही?

मी आमच्या कॉलेजच्या गजुरेल सरांकडे गेले. ते खूश होते, नकाशाच्या प्रती छापून, कॉलेजचा शिक्का मारून त्यांनी आपल्या वॉर्ड ऑफिसलाही एक पाठवलीय. म्हणाले, छान झालाय की. पुढच्या वर्षी आपल्यातल्या दोघांना तिकडे बोलावणार आहेत, आत्ता नावांवरून वाद कशाला घालतेस? मी बरं म्हणून परत आले. अजून त्या बरं म्हणण्याचाच राग येतोय.

समारोप पुढच्या महिन्यात, पुसमध्ये आहे. त्याआधी मी माझं अंग काढून घेऊ का, सांगा.

चिडलेली असले तरी तुमचीच भाची आहे, माया असू द्या.
प्रनिशा


थामडांडा, १९ मंसिर

चि. प्रनिशास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सुब्बाने ते देताना सांगितलं, पोरगी रागात होती, जीपचं दार तुटता तुटता राहिलं. तुझा आजोबा असाच होता. रागावला की कोंबड्यासुद्धा अंगण सोडायच्या.

फोटो बघितला. कंबर फार रुंद आलीय. नाव नाही घातलं ते बरंच झालं म्हणायचं. सत्तावन्न वर्षांत मला कुणी महिला म्हटलं नव्हतं, तेवढी बढती मिळाली.

थट्टा पुरे. पोरी, तू कोपऱ्यातलं बघत बसलीस, मी मधलं बघितलं. लोहारांच्या वस्तीखाली, जिथे आरनधारा हा झरा आहे, तिथे तांबडा ठिपका आहे. कडेला तूच पेन्सिलीने लिहिलंयस की तांबडा म्हणजे आटलेला. कोण म्हणतं आटला? काल सकाळी मी तिथून आले. अठरा घरं त्यावर जगतात. धार बारीक आहे, चैतात तर बोटाएवढी होते, पण माझ्या आठवणीत एक दिवस खंडली नाही.

आता का चिडले ते ऐक. वॉर्डाच्या अध्यक्षांना बाजाराकडे जाणारा रस्ता हवाय. वरून नेला तर त्यांच्या भावाचा वेलचीचा मळा जातो, खालून नेला तर आरनधारा. गेली दोन वर्षं लोहारवस्तीतली डम्बरी आणि तिथल्या बायका आडव्या आल्या म्हणून खालचं काम अडलं होतं. परवा त्यांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि भिंतीवरचा तुमचा रंगीत नकाशा दाखवला. म्हणाले, हे बघा, युरोपातल्या युनिव्हर्सिटीने तपासलंय, इथे पाणीच नाही. पुस लागला की डोझर येणार.

डम्बरीने सगळ्यांदेखत विचारलं, मग आज सकाळी माझ्या घागरीत काय आलं? सगळे हसले. अध्यक्षही हसले. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझ्या वहीत आरनधाऱ्याची ओळ आहे. चैत महिन्याचीही आहे. तिथे डबा बसत नाही, खडक आडवा येतो, म्हणून मी धान्य मोजायच्या मान्याने मोजलं होतं. चाळीस मोजेपर्यंत एक माना भरतो. हे मी तुला समोर बसवून सांगितलं होतं आणि तू लिहून घेतलं होतंस. मग ती ओळ गेली कुठे? माझं नाव नंतर शोध. आधी ती ओळ कुणी पुसली ते शोध.

अंग काढून घ्यायचा विचार सोड. तू बाहेर पडलीस तर त्यांना विचारणार कोण?

जेवत जा. रागाने पोट भरत नाही. कळवशीलच.
तुझी फुपू


धरान, २६ मंसिर

ती. फुपूस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी डेन्मार्कच्या अस्ट्रिडला पडद्यावर बोलावलं. नकाशाचे आकडे तीच सांभाळते. तिला नमस्कारही केला नाही. तुम्ही आमच्या घरांवर डोझर घालताय, तुम्हाला आमचे झरे म्हणजे ठिपके, एका वस्तीचं पाणी मारताना हात कसा थरथरला नाही, असं बरंच काही बोलले. इंग्रजी संपलं तेव्हा नेपाळीत बोलले. ती बिचारी लालबुंद होऊन ऐकत होती. मग म्हणाली, प्रनिशा, मी तुला विचारलं होतं.

आणि तिने आमचा जुना निरोप पडद्यावर आणला. भदौ महिन्यातला आहे. तिने लिहिलं होतं की सतराव्या ओळीतला आकडा बाकीच्यांशी जुळत नाही, हे माप कसलं आहे मला कळत नाही, ही ओळ गाळू का? खाली माझं उत्तर आहे. ओके.

एवढंच, फुपू. ओके आणि अंगठा.

मला तो दिवस चांगला आठवतो. नेट तुटत होतं, तिचे सर पडद्यावर होते, सगळे थांबले होते. माना म्हणजे काय, चाळीस मोजणं म्हणजे काय, हे त्या लोकांसमोर सांगायची मला लाज वाटली. बाकी सगळं लिटरात, मिनिटात, आणि मध्येच आपलं धान्य मोजायचं भांडं. वाटलं, हसतील. एका ओळीने काय बिघडतंय? गाळलेल्या जागी संगणक शून्य धरतो आणि शून्याला तांबडा रंग देतो, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

दोन आठवडे मी तुमच्या नावासाठी भांडत फिरले. अठरा घरांचं पाणी मीच पुसलं होतं.

अस्ट्रिड लगेच नकाशा दुरुस्त करायला तयार आहे. पण तिचे सर म्हणतात, तो एका स्पर्धेसाठी गेलाय, आता बदलता येणार नाही, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती! आरनधाऱ्याला सांगू का, पुढच्या आवृत्तीपर्यंत वाहत राहा म्हणून?

रागावलात तरी उत्तर द्या. तुमच्या गप्प राहण्याला मी फार भिते.
प्रनिशा


थामडांडा, ६ पुस

चि. प्रनिशास आशीर्वाद.

रागावले. खूप रागावले. चार दिवस तुझं पत्र चुलीवरच्या फळीवर तसंच ठेवलं होतं. माझ्या मान्याची तुला लाज वाटली, हे वाचून जे झालं ते लिहीत नाही.

डोझर चार तारखेला आला. आम्ही पोचेपर्यंत तासभर काम झालं होतं. धाऱ्याचं तोंड मातीखाली गेलं. मग डम्बरी डोझरसमोर बसली, तिच्या शेजारी मी, मग आणखी अकरा जणी. चालवणारा ताप्लेजुंगकडचा होता. त्याने आपणहून इंजिन बंद केलं आणि विडी ओढत बाजूला बसला. म्हणाला, मला पाण्यावर चालवायला सांगितलं नव्हतं.

अध्यक्ष आले. मी वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, फुपू, ही शाळेची वही आहे, त्यात मान्याने पाणी मोजलंय. नकाशावर कॉलेजचा शिक्का आहे. शिक्क्याचा कागद आणा, मग बोलू. पंधरा पुसपर्यंत मुदत दिलीय.

तेव्हा रडणं आवर आणि कागद आण. आणि येताना स्वतः ये. वस्तीत जाऊन तुझ्या तोंडाने सांग. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.

फुपू


धरान, १३ पुस

ती. फुपूस,
सा. न. वि. वि.

सोबत कॉलेजचं पत्र आहे, शिक्क्याचं. ते मिळताच अध्यक्षांच्या हातात द्या आणि पोच घ्या. उद्या माझा शेवटचा पेपर, परवाच्या जीपने मी निघते.

काल समारोप झाला. दोन्हीकडचे सर, तिकडचे कुणी बडे पाहुणे, पडद्यावर चाळीसेक चेहरे. मैत्रीची, सहकार्याची भाषणं झाली. माझ्याकडे दोन मिनिटं आभाराची होती. मी म्हटलं, आभार मानायला मी आलेले नाही. या नकाशावरची सतरावी जागा खोटी आहे. तिथे पाणी आहे. ती ओळ गाळायला मीच हो म्हटलं होतं, कारण आमच्या गावचं माप तुम्हाला समजावून सांगायची मला लाज वाटली. आज त्या नकाशाच्या जोरावर तिथे डोझर उभा आहे.

तिकडचे सर गोड आवाजात म्हणाले, नावं आणि श्रेय यावर आपण नंतर स्वतंत्रपणे बोलू. फुपू, मी नावाचा न उच्चारला नव्हता! तेवढ्यात अस्ट्रिड बोलली. म्हणाली, न समजलेला आकडा गाळायचा हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत सर, समजून घ्यायचा हे नाही शिकवलंत. नकाशा दुरुस्त होईपर्यंत त्यावरून माझं नाव काढा. तिच्यामागून आणखी दोघांनी नावं काढायला सांगितली.

आणि मग आमचे गजुरेल सर, ज्यांना मी महिनाभर मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्यांनी मला एकच विचारलं, वॉर्ड ऑफिसातल्या प्रतीवर आपला शिक्का आहे ना? मी हो म्हटलं. ते पडद्याकडे बघून म्हणाले, तुमच्या स्पर्धेचं तुम्ही बघा. माझ्या शिक्क्याने एका वस्तीचं पाणी जाणार असेल तर तो शिक्का मी आत्ता मागे घेतो. तिथेच बसून त्यांनी पत्र लिहिलं. आपल्या वहीची तीन वर्षांची ओळ त्यात आहे, माना आणि लिटर दोन्हीत.

पुढच्या वर्षीचं बोलावणं बहुतेक गेलं. जाऊ दे.

वस्तीत काय बोलायचं याची मनात उजळणी करतेय, पण प्रत्येक वाक्य सबबीसारखं वाटतं. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा.
प्रनिशा


थामडांडा, ११ माघ

चि. प्रनिशास अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासूनची हकीकत कळवते. शिक्क्याच्या पत्रावरून काल जिल्ह्याचा इंजिनियर येऊन गेला. त्याने घड्याळ लावून स्वतः मोजलं आणि कागदावर सही केली. रस्ता वरून जाणार. अध्यक्ष माझ्याकडे बघत नाहीत, त्यांचा भाऊ तर वाट बदलतो. तू गेल्यावरही आठ दिवस धाऱ्याचा पत्ता नव्हता, माझा धीर सुटत आला होता. मग जुन्या जागेच्या चार हात खाली ओल दिसली. बायकांनी खणलं. आधी गढूळ आलं, आता नितळ येतंय, पण पूर्वीच्या निम्मंच. बाकीचं परत येईल की नाही, इंजिनियरलाही सांगता आलं नाही. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

तू वस्तीत उभी राहून बोललीस तेव्हा डम्बरीने तुला बस म्हटलं नाही, ते तुला लागलं. तू वळल्यावर ती मला म्हणाली, पोरगी निदान तोंडावर येऊन बोलली, अध्यक्ष कधी आले? पण तिचं बोलणं तिथे संपलं नाही.

काल इंजिनियर गेल्यावर मी नवी ओळ लिहायला वही उघडली. डम्बरी समोर उभी राहिली. म्हणाली, फुपू, तुम्ही तीन वर्षं आमचं पाणी मोजलंत. उन्हात, तापात, दम लागलेला असताना. एकदा तरी ओंजळ लावलीत? घरून बाटली आणायचात. तुमच्या पोरीला आमच्या पाण्याचं माप सांगायची लाज वाटली, तुम्हाला पाणी प्यायची.

पोरी, खरं होतं. आम्हा लिंबू जमातीच्या घरांत लोहारांचा विटाळ मानतात, कुणी त्यांच्या धाऱ्याचं पीत नाही, माझी आई प्यायली नाही, मी प्यायले नाही. कधी मनातसुद्धा आलं नाही. आणि मी तुझ्यावर चार दिवस रागावून बसले होते!

सगळ्या बायका बघत होत्या. मी वही खाली ठेवली, वाकले आणि प्यायले. दातांना कळ लागेल एवढं थंड होतं. डम्बरीने वही उचलली आणि सुनेच्या हातात दिली. म्हणाली, आरनधाऱ्याचं आता आम्ही लिहू. मी पेन काढून दिलं.

तुझी ती अस्ट्रिड पुन्हा आकडे मागेल तेव्हा डम्बरीच्या सुनेला विचारायला सांग. तिचं नाव फूलमती.

मी चुकले ते लिहिलं आहे. तुझ्या मनात जागा असेल तशी ठेव.
तुझी फुपू