तीस सेकंद

३ जून
नवी नोकरी, नवी खोली आणि खिडकीखाली पत्रा दाबणारे सहा प्रेस. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसपुढे लावलेली जाळी कधी लागली, कधी उघडली, कोणाच्या किल्लीने, हे टिपणारा, खाली चार नंबरला खेटून ठेवलेला संगणक माझ्या ताब्यात. ही रोजनिशीही त्यातच. फोरमनला सगळे मामा म्हणतात. मला भाचेराव म्हणाले. तुझ्याआधीचा फार हुशार, त्यानेच मला संगणक समजावला, असंही म्हणाले.

५ जून
चार नंबरवर एका कामगाराचा हात कोपरापर्यंत चिरडला. बोटं पत्र्याला चिकटून राहिली. मामांनी धावत मेन स्विच पाडला. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. जखमीच्या बहिणीने विचारलं, जाळी उघडी होती का. शेवटची नोंद बघून मी छातीठोकपणे सांगितलं: बंद होती, ताई, हात त्यानेच बाजूने घातला असणार. यंत्र खोटं बोलत नाही.

९ जून
यंत्र खोटं बोलत नाही, पण पुरतं बोलतही नाही. प्रोग्राम म्हणतो लिही, संगणक म्हणतो लिहिलं, आणि मजकूर नुसता मेमरीत धरून बसतो. निरोप घेतला म्हणजे पोचवला नव्हे. डिस्कवर तो गठ्ठ्याने उतरतो, साधारण तीस सेकंदांनी. मध्येच वीज गेली की पुसला. जुने अहवाल काढले. तीन वर्षांत पाच हात, एक डोकं. सगळे मामांना उलटून बोललेले. दर वेळी मेन पडलेला. डोकं माझ्याआधीच्या हुशाराचं.
गेलेलं परत येत नाही. पुरावा हवा तर आणखी एक हात लागेल.

१० जून
आता प्रत्येक नोंद, या रोजनिशीचं प्रत्येक अक्षरही, थेट डिस्कवर ढकलतो. यंत्र रखडतंय. मामांनी विचारलं, भाचेराव, संगणकाचा हा दिवा आज सारखा का लुकलुकतोय. म्हटलं, जुना झालाय.

११ जून
जेवणाची सुट्टी. चार नंबरची जाळी बिघडली म्हणून मामांनी बोलावलं. शेड रिकामी. डोक्यात पाना घातला — शुद्ध आली तेव्हा उजवं मनगट साच्यात, पट्ट्याने आवळलेलं. डावा हात कीबोर्डला पुरतो. तो हसतोय. लिही म्हणतो, पोटभर लिही, तीस सेकंद आहेत तुझ्याकडे —

किल्ली फिरवली. नोंद आली: जाळी उघडी, किल्ली फोरमनची. दिवा लुकलुकला. उतरली.

हात — हात नाही

ताई मी चुकीचं सांगितलं जाळी उघडी हो

तो मेनकडे धावतोय. धाव मामा. आता उशी